‘एवढ्या लांब जाऊन कारकुनीच करायची का?’

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पुण्यात कायद्याची पदवी, मग सार्वजनिक धोरणात एम.ए., आणि आता जिनिव्हातल्या एका आंतरराष्ट्रीय विकास संस्थेत सहा महिन्यांची इंटर्नशिप चालून आली आहे. विभागाचं नाव ‘पॉलिसी अँड प्रोसिजर मॅनेजमेंट’. तुला जायचं होतं गावोगाव, पाणी आणि पुनर्वसनाच्या कामावर. मिळालाय फायलींचा विभाग. बाबा म्हणतात, एवढ्या लांब जाऊन कारकुनीच करायची तर आपली जिल्हा परिषद काय वाईट होती? आणि तू विचारतेस की हे घ्यावं का, घेतलं तर तिथे दिवसभर नेमकं काय करतात, जायच्या आधी काय वाचू. ताई म्हणून विचारलंस, तेव्हा मीही सरळ एकेरीवर येते.

बाबांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. कारकुनी आहेच. मी या कामात सोळा वर्षं काढली, तीन संस्थांमध्ये, आणि सुरुवात तुझ्यासारखीच इंटर्न म्हणून झाली. पहिले दोन महिने एक्सेलच्या रकान्यांत तारखा भरण्यापलीकडे मी फारसं काही केलं नाही. पण कारकुनीला हिणवायची आपल्याकडे जी सवय आहे ना, ती या कामाने माझी मोडली. कुणाला भरपाई मिळाली आणि कुणाला नाही, हे पुष्कळदा व्याख्येतल्या एका ओळीवर ठरतं, आणि ती ओळ कुणीतरी टेबलाशी बसून लिहिलेली असते. नर्मदेचं उदाहरण पुढे देते, ते बाबांना वाचून दाखव.

आधी काम काय ते. अशा संस्थेची शंभरेक देशांत ऑफिसं असतात, पैसा निरनिराळ्या सरकारांकडून येतो, आणि माणसं दर तीन-चार वर्षांनी या देशातून त्या देशात बदलून जातात. मग मोझांबिकमधल्या ऑफिसात कालच रुजू झालेल्या माणसाला कसं कळणार, की आपल्या एका सहीने किती रकमेपर्यंत खरेदी करता येते? पुरवठादार ऑफिसातल्याच कुणाचा मेहुणा निघाला तर काय करायचं? शाळेतल्या मुलीचा फोटो वार्षिक अहवालात छापायचा तर संमती कुणाची घ्यायची? या सगळ्याची उत्तरं शेकडो कागदांत लिहून ठेवलेली असतात. त्यातला कुठला कागद आज लागू आहे, कुठला मेला, त्याचा धनी कोण, त्याची फेरतपासणी कधी, दोन कागद एकमेकांशी भांडत तर नाहीत ना, हे बघणारा विभाग म्हणजे तुझा विभाग. तो स्वतः धोरणं ठरवत नाही. खरेदीचं धोरण खरेदी विभाग ठरवतो, रजेचं मनुष्यबळ विभाग. तुझा विभाग त्यांच्याकडून लिहून घेतो, मंजुरीच्या पायऱ्या चढवतो, सापडेल अशा जागी ठेवतो आणि वेळ आली की मोडीत काढायला लावतो. हे शेवटचं काम सगळ्यांत चिवट. नवा कागद काढायला सगळे उत्सुक. जुना रद्द करायला सही कुणी करत नाही.

आपल्या लोकांना हे समजायला जड जाऊ नये, कारण आपण जीआरच्या राज्यात वाढलो. कुठलाही शासन निर्णय उघड: वर ‘वाचा’ म्हणून आधीच्या निर्णयांची यादी, मग प्रस्तावना, मग निर्णय, आणि शेवटी संकेतस्थळावरचा संकेतांक. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. तिच्या कपाटात बदल्यांच्या आदेशांची एक जाडजूड फाईल असे. मूळ निर्णय, त्याचं शुद्धिपत्रक, मग पूरकपत्र, मग ‘यापूर्वीचे सर्व आदेश अधिक्रमित करून’ आलेला नवा निर्णय, आणि महिन्याभरात त्याचंही शुद्धिपत्रक. ‘बाई, आत्ता चालू कुठला?’ एवढाच प्रश्न घेऊन अख्ख्या केंद्रातले मास्तर आमच्या ओसरीवर येऊन बसायचे. आई जे चहा पाजून करत होती, तेच मी पुढे पगार घेऊन केलं.

उतरंड मात्र नीट समजून घे, कारण पहिल्याच आठवड्यात तिच्यावरून गोंधळ होतो. वर्ल्ड बँकेत चार थर आहेत: पॉलिसी, डायरेक्टिव्ह, प्रोसिजर आणि गाइडन्स. पहिले तीन बंधनकारक, चौथा सल्ल्यापुरता. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात वरती महासचिवांचं बुलेटिन, त्याखाली प्रशासकीय सूचना, मग माहितीपुरती परिपत्रकं. नावं कुठे काही, कुठे काही, कल्पना एकच. वरच्या कागदात काय आणि का, खालच्यात कोणी, कधी, कुठल्या फॉर्मवर. वरचा कागद बदलायचा तर संचालक मंडळाचं किंवा प्रमुखाचं दार ठोठवावं लागतं, खालचा विभागप्रमुखाच्या सहीने बदलतो. म्हणून रकमेच्या मर्यादा, फॉर्मचा क्रमांक, सॉफ्टवेअरचं नाव असला दरवर्षी बदलणारा तपशील कुणी वरच्या कागदात घुसवताना दिसला तर निःसंकोच बोट ठेव. मी एका धोरणात फॅक्स नंबर छापलेला पाहिलाय. ते यंत्र ऑफिसातून केव्हाच गेलं होतं. नंबर काढायला मात्र मंडळाची बैठक लागणार होती, म्हणून तो तसाच राहिला.

आता एक वाक्य जवळून बघ. समज, खरेदीच्या कार्यपद्धतीत लिहिलंय: ‘तीन दरपत्रके घ्यावीत.’ वाचायला किती सोपं. पूर आलेल्या जिल्ह्यात ताडपत्र्या हव्या आहेत. तालुक्याच्या बाजारात ताडपत्री विकणारे पाच जण. तिघांची गोदामं पाण्यात, उरलेल्या दोघांनी दर दिले. तिसरं दरपत्रक नाही. तर ‘घ्यावीत’ म्हणजे मागवावीत, की हातात आलेली असावीत? पहिला अर्थ धरला तर ट्रक आज भरतो. दुसरा धरला तर फाईल नियमातून सवलत मागायला मुख्यालयात जाते, आणि तिथे नेमकी शुक्रवारची संध्याकाळ झालेली असते. अशा वेळी काय होतं ते मी पाहिलंय. तिसरं दरपत्रक ‘तयार’ होतं. दोघांपैकी एक दुकानदार भावाच्या लेटरहेडवर थोडा चढा दर टाकून आणून देतो. फाईल चोख, ऑडिटर खूश, आणि आयुष्यात कधी लबाडी न केलेल्या एका साध्या खरेदी-सहायकाला आपल्या नियमाने खोटा कागद जोडायला शिकवलेलं असतं. दुरुस्ती एका ओळीची आहे: ‘किमान तीन पुरवठादारांकडून दरपत्रके मागवावीत, कमी आल्यास कारण फाईलवर नोंदवावे.’ ही एक ओळ मंजूर करून घ्यायला आम्हाला चौदा महिने लागले, कारण अर्थ विभागाला वाटलं की आम्ही नियम सैल करतोय.

ही गोष्ट मला धोरणाच्या कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडली नाही. ती सांगितली शंका विचारायच्या ईमेल पेटीने. प्रत्येक अशा विभागाची एक सामाईक पेटी असते. जगभरातली ऑफिसं तिथे ‘या कलमाचा अर्थ काय’ म्हणून विचारतात. ते काम कुणालाच नको असतं, म्हणून इंटर्नच्या गळ्यात पडतं. तुझ्या गळ्यात पडलं तर आनंदाने घे. एकाच कलमाबद्दल वेगवेगळ्या देशांतून सहा शंका आल्या की समजायचं, माणसं अडाणी नाहीत, कलम अडाणी आहे. त्याच्या जोडीला सवलतींची नोंदवही मागून घे: कुणी, कुठल्या नियमातून, कशासाठी सूट मागितली. वर्षभरात चाळीस ऑफिसांनी एकाच नियमातून सूट मागितली असेल, तर तो नियम कागदावर उरलाय, एवढंच. मला विचारशील तर संस्थेतलं सगळ्यांत वाचनीय दप्तर हेच.

पण बहुतेक वेळ जाणार तो नोंदपटात. एक भलंमोठं एक्सेल असतं: कागदाचं नाव, क्रमांक, प्रकार, धनी, मंजुरी कुणाची, लागू कधीपासून, फेरतपासणी कधी, कशाच्या जागी आला, कशाकशाशी जोडलेला. तू त्यात शिरलीस की आधी दिसेल की निम्म्या कागदांचे धनी संस्था सोडून गेलेत. मग दिसेल की प्रवासाच्या धोरणाच्या तीन पीडीएफ फिरतायत, शेअरपॉइंटवर एक, जुन्या इंट्रानेटवर दुसरी, आणि तिसरी कुणाच्या तरी डेस्कटॉपवरून ईमेलने पसरलेली. लोक तिसरीच वापरतात, कारण ती सापडते. यात एक रकाना तू आपणहून घाल: भाषा. इंग्रजी आवृत्ती नवी आणि फ्रेंच आवृत्ती चार वर्षं जुनी, असं सर्रास असतं. सेनेगल किंवा नायजरमधला माणूस फ्रेंच कागद उघडतो, त्याप्रमाणे इमानदारीने वागतो, आणि ऑडिटमध्ये दोषी ठरतो. आपल्याला याचं वेगळं आश्चर्य वाटू नये. एका भाषेतला मूळ कागद आणि दुसऱ्या भाषेतला मागे पडलेला अनुवाद हे आपण न्यायालयापासून बँकेपर्यंत सगळीकडे भोगलंय. पण युरोपातल्या मुख्यालयात बसलेल्यांच्या हे पटकन लक्षात येत नाही. तुझ्या लक्षात येईल.

ऑडिटचा विषय निघालाच आहे म्हणून जाता जाता सांगते. आपले कॅग २०१४ ते २०२० या काळात संयुक्त राष्ट्रांच्या तीन सदस्यांच्या लेखापरीक्षक मंडळावर होते. मंडळाचे अहवाल खुले असतात. त्यातली कुठलीही पाच पानं काढून वाच: ‘कार्यपद्धतीत अमुक लिहिलेले असताना तमुक आढळले’ हा साचा तुला पाठ होईल, आणि धोरणातला एकेक शब्द पुढे कसा तोलला जातो ते कळेल.

तो शब्द तोलला जाण्याचा फटका मी स्वतः दिलाय. इंटर्नशिपच्या चौथ्या महिन्यात माझ्याकडे गाड्यांच्या वापराचं चाळीस पानी धोरण आलं, ‘भाषा जरा साफ कर’ म्हणून. त्यात कुठे ‘मस्ट’ होतं, कुठे ‘शुड’. मला वाटलं, काय हा गबाळेपणा! फाइंड-रिप्लेस केलं, सगळीकडे ‘मस्ट’. दिसायला एकदम शिस्तशीर. साहेबांनी मजकूर वाचला, पण ‘भाषेची सफाई’ म्हटल्यावर त्या शब्दाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, आणि सही झाली. त्यातल्या एका कलमानुसार ऑफिसप्रमुखाने गाडीचं लॉगबुक रोज तपासणं अपेक्षित होतं. मूळ शब्द ‘शुड’. मराठीत सांगायचं तर ‘तपासावे हे बरे’ याचं मी ‘तपासलेच पाहिजे’ करून टाकलं. आठ महिन्यांनी अंतर्गत ऑडिटने अकरा ऑफिसं नियमभंगात काढली. एका ऑफिसप्रमुखाच्या वार्षिक मूल्यमापनात त्याबद्दल एक ओळ पडली. बिचारा आठवड्यातले चार दिवस दुर्गम भागात फिरतीवर असायचा. लॉगबुक रोज बघणं त्याला शक्यच नव्हतं, आणि असे लोक डोळ्यांपुढे ठेवूनच आधीच्या मंडळींनी तिथे सौम्य शब्द घातला होता. त्याने लेखी विचारलं की हा बदल कुणी आणि का केला. फाईलवर कारण नव्हतं, कारण मी ते लिहिलंच नव्हतं. मी साहेबांना जाऊन सांगितलं. मला कुणी काही केलं नाही, पण त्या माणसाच्या मूल्यमापनातली ओळ काढायला अडीच महिने आणि सात ईमेल लागले.

तेव्हापासून माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला मी एक सवय लावते: भाषेचे बदल एका मसुद्यात, आशयाचे दुसऱ्या, आणि सोबत तीन रकान्यांचा तक्ता. आधी काय होतं, आता काय, का. ट्रॅक चेंजेस पुरत नाही. लाल-निळ्या रेघांच्या जंगलात एका शब्दाचं झाड कुणाला दिसत नाही. आणि आपल्या मराठी कार्यालयीन भाषेतही हा फरक मुरलेला आहेच: ‘करावे’, ‘करील’, ‘करता येईल’, ‘करणे आवश्यक राहील’. जीआर वाचताना या क्रियापदांखाली पेन्सिलने रेघ मारत जा. फुकटचा सराव आहे.

आता नर्मदा. सरदार सरोवरासाठी वर्ल्ड बँकेने १९८५ साली ४५ कोटी डॉलरचं कर्ज मान्य केलं. तेव्हा बँकेकडे पुनर्वसनाचं लेखी धोरण नव्हतं असं नाही. १९८० पासून होतं. आदिवासींबाबतचं १९८२ पासून. म्हणजे कागद कपाटात होता. इकडे नर्मदा पाणी तंटा लवादाच्या १९७९ च्या निवाड्यात, पाव हिश्शापेक्षा जास्त जमीन जाणाऱ्या कुटुंबाला किमान दोन हेक्टर जमीन द्यायची असं ठरलेलं. पण ‘जमीन जाणं’ म्हणजे काय? अक्कलकुवा-अक्राणीच्या डोंगरात पिढ्यान् पिढ्या जंगलजमीन कसणाऱ्यांच्या नावावर सातबारा नव्हता. सरकारी दप्तरात त्यांच्यासाठी शब्द होता ‘अतिक्रमक’. त्या एका शब्दाने माणूस जमीनधारकाच्या रकान्यातून बाहेर पडतो. मणिबेली हे महाराष्ट्रातलं बुडणारं पहिलं गाव, आणि तिथल्या लढ्यातला मोठा भाग या रकान्यात कोण बसतं आणि कोण नाही यावरचाच होता. कायद्याची पदवी असलेल्या मुलीला मी वेगळं काय सांगू.

आंदोलनाचा रेटा इतका वाढला की १९९१ मध्ये बँकेने स्वतःच्याच प्रकल्पाची स्वतंत्र समीक्षा करायला लावली. अध्यक्ष होते ब्रॅडफर्ड मोर्स, यूएनडीपीचे (संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे) माजी प्रमुख; जोडीला कॅनडाचे थॉमस बर्जर. जून १९९२ मध्ये अहवाल आला. प्रकल्प आखताना बँकेची स्वतःची पुनर्वसन आणि पर्यावरणाची धोरणंच पाळली गेली नाहीत, हे त्यातलं मुख्य बोलणं, आणि बँकेने एक पाऊल मागे घ्यावं असा सल्ला. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेलं कर्ज नको म्हणून कळवलं. त्याच वर्षी सप्टेंबरात बँकेच्या संचालक मंडळाने इन्स्पेक्शन पॅनेल उभं केलं. प्रकल्पाची झळ बसलेली माणसं सरकारला वळसा घालून थेट तिथे तक्रार करू शकतात. तक्रारीचा आधार काय, ते नीट बघ: तुम्ही स्वतः लिहिलेला नियम पाळला नाहीत आणि त्यामुळे आमचं नुकसान झालं. म्हणजे ज्या कागदाला तोवर फक्त आतली माणसं विचारत होती, तो कागद एका रात्रीत बाहेरच्या माणसाच्या हातातलं हत्यार झाला. त्याचा एकेक शब्द महाग झाला.

मुंबईकरांनी ते हत्यार वापरलंही. बँकेच्याच कर्जावर उभ्या राहिलेल्या मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात रेल्वे आणि रस्त्यांसाठी सुमारे १ लाख २० हजार माणसं हलवायची होती. २००४ मध्ये कुर्ल्याचे दुकानदार आणि इतर काही गट पॅनेलकडे गेले. दुकानालाही मोफत जागा २२५ चौरस फुटांपर्यंतच. मग ज्याचा चार कामगारांचा वर्कशॉप आहे त्याने काय करायचं? पॅनेलने चौकशी केली, आणि मार्च २००६ मध्ये बँकेने रस्त्यांच्या व पुनर्वसनाच्या भागाचे पैसे थांबवले. काही महिन्यांनी, सुधारणा मान्य झाल्यावर, ते पुन्हा सुरू झाले. बाबांना सांग, कुर्ल्यातल्या वर्कशॉपवाल्याला मदत झाली ती आधी कुणीतरी लिहून ठेवलेल्या धोरणामुळे.

याची उलटी बाजूही आहे, ती लपवत नाही. नियम मोडल्याची तक्रार होऊ शकते म्हटल्यावर काही अधिकारी तक्रार होणारच नाही असा कागद लिहायला शिकले. शब्द मोघम करायचे, ‘शक्य तेथे’ घालायचं, अवघड तपशील बंधनकारक कलमांतून काढून मार्गदर्शक सूचनांत ढकलायचा. बँकेची नवी पर्यावरण-सामाजिक चौकट १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झाली. त्याआधीची कित्येक वर्षं जगभरातल्या संघटना नेमक्या याच मुद्द्यावर भांडत होत्या, की कुठली गोष्ट ‘पाहिजे’मध्ये राहणार आणि कुठली सल्ल्यात जाणार. तुझ्याही समोर असले मसुदे येतील. इंटर्नला मत देता येत नाही, पण प्रश्न विचारता येतो: ‘हे वाक्य आधी धोरणात होतं, आता गाइडन्समध्ये दिसतंय, नजरचुकीने झालं का?’ निरागसपणे विचार. खोलीत जी शांतता पसरेल तिच्यावरून उत्तर कळेल.

मग गावात जायचं राहिलं त्याचं काय? राहिलंच, सहा महिने तरी. पण रिकाम्या हाताने बसू नकोस. तुझ्या नोंदपटातला एक कागद निवड आणि तो वापरणाऱ्या कंट्री ऑफिसातल्या एखाद्या सहायकाला विनंती कर, की व्हिडिओ कॉलवर स्क्रीन दाखवून ही प्रक्रिया पहिल्यापासून करून दाखवाल का. समजावून नको, करूनच. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा तेवीस मिनिटांत कळलं की आमच्या नऊ पायऱ्यांतल्या दोन पायऱ्या कुणी कधी केल्याच नव्हत्या, आणि एक दहावी पायरी होती जी कुठेही लिहिलेली नव्हती: आधी ड्रायव्हरला विचारायचं, कारण कुठला दुकानदार वेळेवर माल देतो हे त्यालाच माहीत.

जायच्या आधी वाचायचं म्हणशील तर जाडजूड पुस्तकं नकोत. यूएनडीपीची धोरणं-कार्यपद्धती इंटरनेटवर सगळ्यांना खुली आहेत. त्यातला खरेदीचा किंवा प्रवासाचा एक विषय घे आणि त्यावरून एका पानाची ‘नव्या माणसासाठी’ टिपणी मराठीत लिहून बघ. जिथे मराठीत वाक्य जमत नाही, तिथे बहुधा तुला अर्थच लागलेला नसतो; मी आजही असंच करते. आणि संयुक्त राष्ट्र सचिवालयाची इंटर्नशिपबद्दलची प्रशासकीय सूचना, २०२० ची पहिली, तीही वाच. तुझी संस्था वेगळी असली तरी. इंटर्न काय करू शकतो, काय नाही, पैसे मिळतात का (सचिवालयात मिळत नाहीत), हे सगळं त्यात आहे, आणि आपल्याच पोटाशी संबंधित कागद असला की माणूस कसा डोळ्यांत तेल घालून वाचतो, त्याचा अनुभव येईल. तसंच सगळे कागद वाचायचे.

पैशांचं सांगते, कारण ते तू विचारलं नाहीस. यूएनडीपीसारख्या काही संस्था विद्यावेतन देतात, वर्ल्ड बँक इंटर्नना तासाप्रमाणे पैसे देते, पण जिनिव्हात कुठलंही विद्यावेतन तोकडंच पडतं. २०१५ साली एक २२ वर्षांचा बिनपगारी इंटर्न तिथे चक्क तंबू ठोकून राहिला होता आणि त्याची जगभर बातमी झाली. खोली शहरात मिळाली नाही तर लोक सीमेपलीकडे फ्रान्समध्ये, आनमासला बघतात. डिसेंबर २०१९ मध्ये लेमान एक्स्प्रेस ही सीमेपलीकडे जाणारी लोकल रेल्वे सुरू झाल्यापासून ये-जा सोपी झाली आहे. पण एका देशाच्या परवान्यावर दुसऱ्या देशात घर करता येईलच असं नाही. अनामत देण्याआधी संस्थेच्या मनुष्यबळ विभागाकडून लेखी विचारून घे. आणि कुणी इंटर्नशिपसाठी ‘प्रोसेसिंग फी’ मागितली तर तिथेच थांब. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था भरतीच्या कुठल्याही टप्प्यावर पैसे घेत नाहीत; नावाजलेलं लेटरहेड बनवणारे ठग मात्र पुष्कळ आहेत.

होकार कळवण्याआधी तुझ्या होणाऱ्या वरिष्ठांना एक ईमेल टाक. सहा महिन्यांत माझ्याकडे कुठला एक कागद किंवा एक विषय पूर्ण सोपवला जाईल, ते विचार. शंकांची पेटी आणि सवलतींची नोंदवही मला बघता येईल का, तेही विचार. उत्तरात एखाद्या कागदाचं नाव आलं, तर जा. ‘विभागाला आवश्यकतेनुसार सर्व प्रकारचे साहाय्य’ असलं गुळमुळीत काही आलं, तर बाबांचं निम्मं बरोबर असलेलं म्हणणं पूर्ण बरोबर ठरण्याची शक्यता आहे. मग मी तरी स्वतःच्या खिशातले पैसे घालून गेले नसते. एवढं मात्र लक्षात ठेव, की अंतर्गत मसुदे हे अंतर्गतच. सारांश काढून घ्यायला म्हणून ते कुठल्याही बाहेरच्या एआय चॅटमध्ये चिकटवू नकोस, आणि परत आल्यावर कामाचा नमुना म्हणून कुणाला दाखवूही नकोस. दाखवायला तुझी ती एका पानाची मराठी टिपणी पुरेशी आहे. माझ्याकडे इंटर्न निवडायला आलेल्या अर्जांत असलं काही जोडलेलं असलं की मी ते आधी वाचायचे.

आणि कोट पुण्यात घेऊ नकोस. लक्ष्मी रोडवर मिळतो तो तिथल्या जानेवारीला पुरत नाही. जिनिव्हात जुन्या कपड्यांची चांगली दुकानं आहेत, पहिल्या शनिवारी तिकडे जा. घरून मसाल्याचा डबा आणि दोन किलो भाजणी ने, ती मात्र तिथे कुठेच मिळत नाही.